उष्णतेचे मुक्काम

चुलीवरच्या पातेल्यातील पाणी एकदा खळखळून उकळू लागले, की त्याखाली आणखी चार लाकडे सारून फारसा लाभ होत नाही, ही गोष्ट प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. जाळ मोठा केला म्हणून पाणी अधिक कढत होत नाही. ते लवकर आटते, एवढेच. त्यात तापमापक धरला तर पारा शंभर अंशांपाशी येऊन उभा राहतो, आणि शेवटचा थेंब वाफ होऊन जाईपर्यंत जागचा हलत नाही. खाली जाळ तर चालूच असतो. मग ती सारी उष्णता जाते कोठे?

प्रश्न साधा आहे. परंतु तो नेमकेपणाने विचारला जाण्यास अठरावे शतक उजाडावे लागले, आणि त्याचे उत्तर मिळाल्यावर माणसाच्या हाती जी विद्या आली तिच्यावर वाफेचे एंजिन, आगगाडीचा रूळ आणि पोलादाचा कारखाना हे तिन्ही उभे आहेत. छत्तीसगडमधील भिलाई या गावाचे नाव आज पोलादाशी एकरूप झाले आहे. या भूमीतील लोखंडाचा इतिहास पाहू गेल्यास तो पुष्कळ अंशी उष्णतेच्या अशाच थांब्यांचा इतिहास आहे, असे दिसून येते.

प्रथम तो थांबा म्हणजे काय ते पाहू. शून्याखाली वीस अंश इतका थंड असा एक किलो बर्फ भांड्यात घेतला, आणि दर मिनिटास दहा किलोकॅलरी इतकी उष्णता त्याला न चुकता देत गेलो, असे समजा. बर्फ शून्य अंशापर्यंत यावयास अवघे एक मिनिट लागेल. तेथे पारा थांबेल. बर्फ वितळत राहील, परंतु तापमान वाढणार नाही. हा मुक्काम आठ मिनिटांचा. सारा बर्फ पाणी झाला म्हणजे पारा पुन्हा चढू लागेल आणि शंभर अंशांस पोहोचावयास त्याला दहा मिनिटे लागतील. तेथे दुसरा मुक्काम. आणि तो मात्र थोडाथोडका नव्हे, चोपन्न मिनिटांचा. ७३ मिनिटांच्या या प्रवासात ६२ मिनिटे पारा नुसता उभा असतो. कागदावर आडव्या रेषेत काळ आणि उभ्या रेषेत तापमान मांडून याचा आलेख काढला, तर एक चढ, एक लहान सपाटी, पुन्हा चढ आणि मग एक लांबलचक सपाटी अशी आकृती मिळते. पदार्थविज्ञानात हिला तापन-वक्र म्हणतात. चढाच्या भागात उष्णता पदार्थाच्या कणांची गती वाढवते आणि ती पाऱ्याला दिसते. सपाटीच्या भागात ती कणांचे परस्परांतील बंध सोडवण्यात खर्ची पडते. पाऱ्याला ती दिसत नाही, पण वाया मात्र गेलेली नसते. घनाचा द्रव आणि द्रवाचा वायू हे स्थित्यंतर घडते ते या सपाटीवरच.

ही सपाटी प्रथम मोजली ती ग्लासगो विद्यापीठातील अध्यापक जोसेफ ब्लॅक यांनी. १७६१ च्या सुमारास त्यांनी केलेला प्रयोग आजही शाळेच्या वर्गात करण्याजोगा आहे. त्यांनी पातळ काचेचे दोन सारखे गोल घेतले आणि दोहोंत सारखेच पाणी भरले. एकातील पाणी गोठवून त्याचा बर्फ केला; दुसऱ्यातील पाणी गोठणबिंदूच्या किंचित वर, फॅरनहाइटच्या ३३ अंशांपर्यंत थंड केले. मग एका मोठ्या दालनात, जेथील हवा ४७ अंशांवर स्थिर होती, ते दोन्ही गोल टांगून ठेवले. पाण्याचा गोल अर्ध्या तासात सात अंश चढून ४० अंशांवर आला. बर्फाच्या गोलास मात्र तेथवर पोहोचावयास साडेदहा तास लागले. साडेदहा तास म्हणजे एकवीस अर्धे तास. दर अर्ध्या तासात सात अंशांची उष्णता, या हिशेबाने बर्फाने १४७ अंश उष्णता घेतली. त्यातील आठच अंश पाऱ्याने दाखवले. उरलेले १३९ अंश बर्फाचे पाणी होण्यात गेले. आजची सूक्ष्म मोजमापे हा आकडा १४४ देतात. दोन काचेचे गोल, एक घड्याळ आणि एक तापमापक एवढ्या सामग्रीवर सत्याच्या इतक्या जवळ पोहोचणे ही काही लहान गोष्ट नव्हे. पाऱ्यापासून लपून राहणाऱ्या या उष्णतेला ब्लॅक यांनी अप्रकट उष्णता म्हटले.

ब्लॅक यांनी हे संशोधन स्वतः ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले नाही. ते विद्यार्थ्यांना शिकवीत राहिले, आणि त्यांची व्याख्याने १८०३ साली, त्यांच्या मृत्यूनंतर छापली गेली. परंतु त्याच विद्यापीठात उपकरणे दुरुस्त करणारा जेम्स वॉट नावाचा एक तरुण कारागीर होता. न्यूकोमेनच्या एंजिनाची लहान प्रतिकृती दुरुस्तीसाठी त्याच्या हाती आली, आणि ती इतकी वाफ का गिळते याचा तो विचार करू लागला. थोडीशी वाफ पुष्कळ पाण्याला उकळी आणते हे पाहून तो चकित झाला. त्याचा अर्थ ब्लॅक यांच्याशी बोलल्यावर त्याला उलगडला. वाफेचे पाणी होताना ती दुसऱ्या सपाटीवरची सारी उष्णता परत करते, आणि ती एंजिनाच्या नळकांड्यातच परत केली तर नळकांडे दर फेऱ्यास तापवावे आणि निववावे लागते. वाफ थंड करण्याचे काम वेगळ्या पात्रात करावे, ही वॉटची कल्पना १७६५ सालची. तिच्यातून नवे एंजिन आले, एंजिनातून आगगाडी आली, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी ती बोरीबंदरहून ठाण्यास निघाली. तिचे रूळ अर्थातच विलायतेहून आलेले होते. आपल्या देशाला आपले रूळ ओतता येऊ नयेत, असे का व्हावे? हा देश तर लोखंड गाळण्यात हजारो वर्षे मुरलेला होता.

या प्रश्नाचा शोध घेण्यास छत्तीसगडइतकी योग्य जागा नाही. अठराव्या शतकाच्या मध्यास हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली आला, आणि तेव्हापासून मराठी कुटुंबे येथे वसत आली. पुढे इंग्रजी अमलात तो मध्य प्रांतात, म्हणजे नागपूरच्याच कारभाराखाली राहिला. येथील डोंगराळ भागात लोखंड गाळणाऱ्या जमाती होत्या. मंडला-बिलासपूरकडील अगरिया ही त्यांतील विशेष प्रसिद्ध. त्यांच्यावर व्हेरियर एल्विन यांनी १९४२ साली स्वतंत्र ग्रंथ लिहिला. महाबळेश्वराच्या परिसरात जांभ्या दगडातून लोखंड काढणारे धावड हे त्यांचेच महाराष्ट्रातील व्यवसायबंधू म्हणावयास हरकत नाही.

अगरियांची भट्टी मातीची, माणसाच्या छातीपर्यंत येईल न येईल एवढी. तिच्यात कोळसा आणि लोहखनिज थराथराने भरावयाचे आणि पायांनी दाबावयाच्या भात्यांनी वारा घालावयाचा. भट्टी सुमारे बाराशे अंशांपर्यंत तापे. आता शुद्ध लोखंड वितळते १५३८ अंशांवर. म्हणजे अगरियाच्या भट्टीत लोखंड वितळतच नसे! वितळे ती मळी. तिचा मुक्काम बाराशे अंशांच्या आसपास येतो. ती पातळ होऊन भट्टीच्या पायथ्याशी वाहून जाई, आणि मागे राही लोखंडाचा सच्छिद्र, मऊसर गोळा. तो ऐरणीवर ठोकून त्यातील उरलीसुरली मळी पिळून काढली, की घडीव लोखंड तयार होई. एक पदार्थ वितळावा आणि दुसरा वितळू नये, या दोन मुक्कामांमधील अंतरावर ही सारी कला उभी होती. त्या अंतराचा आकडा कारागिराला ठाऊक नव्हता. ज्वाळेचा रंग, मळीचे वाहणे आणि भात्याचा आवाज यांवरून तो ते ओळखत असे.

दक्षिणेतील मुशीच्या पोलादाची गोष्ट याहून विलक्षण. तेलंगणात, म्हैसूरकडे आणि तमिळ प्रदेशात घडीव लोखंडाचे तुकडे, लाकूड आणि पाने मातीच्या मुशीत बंद करून तापवीत. लाकडातील कार्बन लोखंडात मुरे. कार्बनाचा एक मोठा गुण असा की तो लोखंडाचा वितळण्याचा मुक्काम खाली आणतो. दीड टक्क्याच्या आसपास कार्बन मुरलेले लोखंड चौदाशे अंशांच्या सुमारास वितळते, आणि ते मात्र चांगल्या मुशीच्या भट्टीला साधते. मग ती मूस सावकाश निवू द्यावयाची. अशा पोलादाच्या वड्या पश्चिम आशियात जात आणि त्यांच्या जलरेषांच्या तलवारी होत. १७९४ साली मुंबईतील डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी या पोलादाचे नमुने लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडले, आणि त्याबरोबर ‘वुट्झ’ हे नावही गेले. कानडीतील ‘उक्कु’ या शब्दाचा तो अपभ्रंश समजला जातो. पुढच्याच वर्षी जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर जो निबंध वाचला, त्याच्या शीर्षकात हे पोलाद ‘मुंबईस तयार होणारे’ म्हटले आहे. माल ज्या बंदरातून आला त्याचे नाव त्याला चिकटले. ज्यांनी तो घडवला त्यांचे नाव कोणी विचारले नाही.

विलायतेतील रसायनज्ञांनी वुट्झचे पृथक्करण केले. मायकेल फॅरडेसारख्या असामान्य प्रज्ञेच्या शास्त्रज्ञाने १८१९ पासून काही वर्षे त्याच्यावर खर्च केली आणि त्याचे रहस्य ॲल्युमिनियमच्या अंशात असावे असा तर्क केला. परंतु रहस्य केवळ घटकांत नव्हते. युरोपातील लोहार आपल्या सवयीप्रमाणे वुट्झची वडी पांढरी होईपर्यंत तापवीत, आणि हातोडा पडताच ती ऐरणीवर फुटून जाई. भरपूर कार्बन असलेले हे पोलाद त्या तापमानास आतून वितळू लागलेले असे, हे त्यांच्या ध्यानात येत नसे. पूर्वेकडील लोहार ते लालीवरच ठोकीत. पदार्थात काय आहे हे पृथक्करणाने कळते. तो कोणत्या तापमानापर्यंत चढला, तेथे किती थांबला आणि कोणत्या गतीने उतरला, हे कळत नाही. पोलादाचे गुण ठरवणारी गोष्ट तर हीच. ती लिहून ठेवण्याची लिपी तोवर कोणापाशी नव्हती. कारागिरापाशी नव्हती आणि शास्त्रज्ञापाशीही नव्हती.

ती लिपी घडली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि तिचा पहिला धडा गिरवला गेला तो रशियात. पीटर्सबर्गजवळील ओबुखोव्ह कारखान्यात पोलादी तोफा होत. त्यांतील काही उत्तम निघत, काही मात्र चाचणीच्या वेळीच फुटत. पोलाद तेच, कारागीर तेच. दिमित्री चेर्नोव्ह या तरुण अभियंत्याने भट्टीतून निघणाऱ्या लगडींचा रंग बारकाईने पाहण्यास सुरुवात केली, आणि १८६८ साली त्याने आपला निष्कर्ष जाहीर केला. पोलाद तापताना वितळण्याच्या कितीतरी आधी, घन अवस्थेतच, काही ठरावीक ठिकाणी त्याची अंतर्रचना बदलते. एका विशिष्ट तापमानाच्या खालून पोलाद पाण्यात बुडवले, तर कितीही घाई केली तरी ते कठीण होत नाही. त्याहून वरचे एक तापमान असे, की ते ओलांडल्याखेरीज पोलादाचा भरड कण बारीक होत नाही. कोयत्याला किंवा विळ्याला पाणी देणारा आपल्याकडील लोहार पाते गुंजेसारखे लाल होण्याची जी वाट पाहतो, ती नेमकी कशाची, हे चेर्नोव्हने प्रथम सांगितले.

चेर्नोव्हपाशी एवढ्या उष्णतेचा तापमापक नव्हता. त्याचे साधन डोळा. १८७३ साली बॅरेट यांनी एक चमत्कारिक गोष्ट नोंदवली. लाल तापलेली पोलादाची तार काळोखात निवत असता तिची लाली मावळत जाते आणि मध्येच एका क्षणी ती आपण होऊन पुन्हा उजळते. बाहेरून उष्णता न देता ती उजळावी कशी? उत्तर ब्लॅक यांच्या काचेच्या गोलांतच होते. तापताना एखाद्या मुक्कामावर पदार्थाने जी अप्रकट उष्णता घेतलेली असते, ती निवताना त्याच मुक्कामावर तो परत करतो. तारेच्या पोटात काही तरी पालटत होते, आणि तो पालट स्वतःच्या उजेडाने आपली वर्दी देत होता. मग फ्रान्समध्ये ल शातेलिए यांनी प्लॅटिनम आणि ऱ्होडियम यांच्या तारांचा, लाल-पांढऱ्या उष्णतेतही टिकणारा थर्मोकपल सिद्ध केला, आणि १८८० नंतरच्या दशकात फ्लोरिस ऑस्मों यांनी तो लोखंडाच्या तुकड्यात खोचून घड्याळाच्या साक्षीने तापमानाची नोंद घेतली. लोखंडाचा आलेख कागदावर उतरला. शुद्ध लोखंड तापवत गेल्यास त्यात ९१२ अंशांवर एक मुक्काम, १३९४ अंशांवर दुसरा आणि १५३८ अंशांवर वितळण्याचा तिसरा, असे आज मानले जाते. पहिल्या दोन मुक्कामांवर लोखंड घनच राहते. फक्त त्याच्या अणूंची मांडणी बदलते. पोलादविद्येत या स्थळांना आजही ‘ए’ या अक्षराने ओळखतात. ते थांबा या अर्थाच्या फ्रेंच शब्दाचे आद्याक्षर आहे.

ऑस्मों हे आलेख काढीत होते त्याच सुमारास, १८८७ साली, भारतीय भूगर्भ सर्वेक्षण खात्यातील एक अधिकारी प्रमथनाथ बोस यांचे रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोहधंद्यावरील टिपण प्रसिद्ध झाले. दुर्ग जिल्हा तेव्हा वेगळा झालेला नव्हता. तो १९०६ साली झाला. दल्ली-राजहरा या टेकड्यांतील लोहखनिज किती समृद्ध आहे हे बोस यांनी नमूद केले. बोस हे लंडन विद्यापीठाचे पदवीधर. पुढे १९०३ साली त्यांना डावलून त्यांच्याहून कनिष्ठ अशा अधिकाऱ्यास खात्याचे प्रमुखपद देण्यात आले, तेव्हा त्यांनी सेवा सोडली. परंतु त्यांची नोंद नकाशात राहिली, आणि नकाशा नागपुरास राहिला.

नागपूरचा संबंध येथे आणखी एका वाटेने येतो. जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस गिरणी नागपुरास १८७७ पासून चालू होती. १८८२ साली त्यांच्या वाचनात एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल आला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्कृष्ट लोहखनिज असून त्यापासून फार दूर नसलेल्या वरोऱ्यास दगडी कोळसा आहे, असे त्यात म्हटले होते. खनिज आणि कोळसा एकाच जिल्ह्यात. आणखी काय हवे? परंतु वरोऱ्याचा कोळसा परीक्षेस उतरला नाही. यामागील कारणही तापण्याच्याच विद्येतले आहे. झोतभट्टीस नुसता जळणारा कोळसा चालत नाही. योग्य जातीचा कोळसा हवा बंद करून तापवला, तर चारशे अंशांच्या आसपास तो मऊ, चिकट होतो, आणि आणखी तापवला की पुन्हा घट्ट होऊन त्याचा टणक, सच्छिद्र कोक बनतो. वरोऱ्याचा कोळसा असा मऊ होतच नाही. तो तापतो आणि भुगा होतो. खनिजाचे एवढे मोठे ओझे सोसून भट्टीत वाऱ्याला वाट देण्याचे बळ त्याच्यात येत नाही. वऱ्हाड-विदर्भाच्या सीमेवर पोलादाचा पहिला मोठा कारखाना होऊ शकला नाही, तो एका न आलेल्या मुक्कामामुळे.

१९०३ च्या सुमारास जमशेटजींचे चिरंजीव दोराबजी, चांद्याचा शोध निष्फळ ठरल्याचे सांगण्यासाठी नागपूरच्या सचिवालयात गेले होते. संबंधित अधिकाऱ्याची भेट होईतोवर वेळ घालवावा म्हणून ते समोरच्या वस्तुसंग्रहालयात शिरले. तेथे मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा टांगलेला होता, आणि त्यात दुर्गच्या बाजूस लोखंडाची खूण गडद रंगात दाखवली होती. त्यांच्या पथकातील अमेरिकन भूशास्त्रज्ञ वेल्ड यांना घेऊन ते दल्लीच्या टेकडीवर पोहोचले. खनिज होते, विपुल होते, उत्तम होते. परंतु कोक करण्याजोगा कोळसा आणि पुरेसे पाणी जवळ नव्हते. इतक्यात त्याच प्रमथनाथ बोस यांचे १९०४ च्या फेब्रुवारीतील पत्र आले. त्यांनी मयूरभंजच्या टेकड्यांतील खनिजाकडे लक्ष वेधले. टाटांचा कारखाना साकचीस, म्हणजे आजच्या जमशेदपुरास गेला. दल्ली-राजहरा आणखी अर्धे शतक वाट पाहत राहिला.

ती वाट संपली २ फेब्रुवारी १९५५ रोजी. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईस वर्षाला दहा लाख टन पोलादाचा कारखाना उभारण्याचा करार त्या दिवशी झाला. भिलाई तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होती त्याची राजधानी नागपूर होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ती भोपाळला गेली, आणि २००० साली याच तारखेस छत्तीसगड हे वेगळे राज्य झाले. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. आज दुर्ग आणि भिलाई ही गावे एकमेकांस भिडली आहेत. महामार्गालगतची नेहरू नगर ही वसाहत याच वाढीतली. ज्यांच्या पंतप्रधानकीत हा कारखाना उभा राहिला त्यांचे नाव तिने धारण केले आहे. भाताच्या शेतांच्या या मुलखात वसाहतींची रांग लागली, ती दक्षिणेकडील लाल टेकड्यांतून येणाऱ्या खनिजामुळे.

अगरियाची भट्टी आणि भिलाईची झोतभट्टी यांतील भेद नुसता आकाराचा नाही. झोतभट्टीत लोखंड कोकमधील कार्बन भरपूर शोषून घेते. कार्बनाचे प्रमाण ४.३ टक्क्यांवर आले की लोखंडाचा वितळण्याचा मुक्काम १५३८ वरून थेट ११४७ अंशांपर्यंत उतरतो. म्हणून येथे मळी आणि लोखंड दोन्ही पातळ होतात. मळी वर तरंगते आणि तिच्याखालून बिडाचा रस रात्रंदिवस वाहत राहतो. अगरियाला एका वेळी एक गोळा मिळे, आणि तो काढण्यासाठी भट्टी थांबवावी लागे. झोतभट्टी वर्षानुवर्षे विझत नाही. मग त्या रसातील जादा कार्बन जाळून पोलाद करावयाचे. ते काम भिलाईस प्रारंभी ओपन हार्थ भट्ट्यांत होई. १९८० नंतरच्या दशकात प्राणवायूचा झोत वापरणारे कन्व्हर्टरही आले. कार्बन कमी होत जातो तसा वितळण्याचा मुक्काम पुन्हा वर सरकतो, आणि रस भट्टीतच थिजू नये म्हणून त्याच्या पुढे पुढे उष्णतेला धावावे लागते. पोलाद करणे म्हणजे एक प्रकारे या सरकत्या मुक्कामाशी लावलेली शर्यतच होय.

१९६० साली भिलाईची रूळ-गिरणी सुरू झाली, आणि भारतीय रेल्वेच्या रुळांचा प्रमुख पुरवठा येथून होऊ लागला. रुळाची खरी परीक्षा मात्र तो तापताना होत नाही. ती निवताना होते. २५ ऑगस्ट १९११ रोजी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातील मँचेस्टर या गावापाशी एक रूळ तुटून आगगाडीचे डबे पुलावरून खाली कोसळले आणि पंचवीसहून अधिक माणसे प्राणास मुकली. तुटलेल्या रुळाच्या पोटात एक तड सापडली. ती बाहेरून दिसणारी नव्हती. रुळाच्या माथ्यात खोलवर जन्मून ती चाकांच्या प्रत्येक फेरीसरशी वाढत गेली होती. अशा तडांनी पुढे अनेक रूळ घेतले, आणि त्यांच्या मुळाशी जावयास दोन तपे लागली. मुळाशी निघाला हायड्रोजन. वितळलेल्या पोलादात तो बराच मावतो. पोलाद थिजते त्या मुक्कामावर त्याची जागा एकदम कमी होते. सुमारे सातशे अंशांवर घन पोलादाची मांडणी पालटते, तेव्हा ती आणखी कमी होते. रूळ उघड्यावर झपाट्याने निवला, तर हायड्रोजनला बाहेर पडण्यास अवधी मिळत नाही. तो आतच कोंडतो आणि पोलादाला केसाएवढ्या चिरा पाडतो.

उपाय आलेखातच होता. कॅनडातील सिडनी येथील पोलाद कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात मॅकी यांनी रूळ गरम असतानाच झाकणबंद पेट्यांत भरून कित्येक तास सावकाश निववण्याची रीत बसवली. उतरणीचा चढाव कमी केला, एवढेच. आणि त्या तडा जवळजवळ नाहीशा झाल्या. पुढे द्रव पोलादावरील हवा काढून घेऊन निर्वात पोकळीत हायड्रोजन शोषून घेण्याची रीत निघाली, आणि ती भिलाईनेही अवलंबिली. भारतीय रेल्वेच्या मानकानुसार रुळाच्या द्रव पोलादात दहा लाख भागांमागे हायड्रोजन १.६ भागांहून अधिक असता कामा नये. आज भिलाईस १३० मीटर लांबीचा अखंड रूळ लाटला जातो. लालबुंद रूळ निववण्याच्या मंचावर येतो, आणि त्याचे तापमान सातशे अंशांच्या आसपास रेंगाळते. त्या क्षणी त्याच्या पोटात शिंपल्याच्या आतील मोतिया थरांसारखी लोखंडाची आणि कार्बाइडची पातळ पाने घडत असतात. रुळाचे बळ म्हणजे ही पाने. ती जितकी बारीक, तितका रूळ अधिक टिकणारा. आणि ती किती बारीक व्हावीत हे त्या मुक्कामावरील निवण्याच्या गतीवर अवलंबून. एकीकडे बारीक पानांसाठी येथे वेग हवा, दुसरीकडे हायड्रोजनासाठी पुढे सावकाशी हवी. या दोन मागण्यांचा मेळ नुसत्या डोळ्याच्या अंदाजाने बसण्यासारखा नाही.

विलायती लोखंड आगगाडीने स्वस्तात गावोगाव पोहोचू लागले, जंगलातील कोळशावर बंधने आली, आणि देशी भट्ट्या एकामागून एक विझल्या. अगरियाचा आणि मूस भरणाऱ्या कारागिराचा पराभव झाला तो त्याला लोखंड कळत नव्हते म्हणून नव्हे. त्याला ते उत्तम कळत होते. परंतु त्याचे ज्ञान त्याच्या डोळ्यांत आणि कानांत होते. ते फक्त मुलाला, भट्टीपाशी बसवून, देता येई. भट्टी विझली तेव्हा मुलाला बसवावयाची जागा उरली नाही, आणि एका पिढीत ते ज्ञान नाहीसे झाले. मुशीचे पोलाद मूळच्या पद्धतीने कसे होत असे, याचा शोध घेण्यास विसाव्या शतकातील धातुशास्त्रज्ञांना जुन्या तलवारींचे तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली धरावे लागले. ब्लॅक यांच्या घड्याळाने, चेर्नोव्हच्या नजरेने आणि ऑस्मोंच्या थर्मोकपलने जे साधले ते एवढेच, की कारागिराच्या डोळ्यांतला थांबा कागदावर आला. कागदावर आलेली गोष्ट पीटर्सबर्गहून भिलाईस येऊ शकते, आणि ती शिकावयास विशिष्ट घरी जन्म घ्यावा लागत नाही.

ज्या टेकड्यांतील खनिजावर १८८७ साली बोस यांनी टिपण लिहिले, त्याच टेकड्यांनी पुढे कित्येक दशके भिलाईच्या भट्ट्यांना खनिज पुरवले. त्या टिपणाला नकाशा मिळाला, नकाशाला पाहणारा मिळाला, म्हणून ते वाया गेले नाही. त्याच टापूत मातीच्या भट्ट्या पेटवणाऱ्यांनी मळी कधी वाहू लागते, गोळा कधी काढावा आणि भाता कधी आवरावा याच्या ज्या खुणा शतकानुशतके पारखल्या, त्यांची वही मात्र कोणी ठेवली नाही.